निजलेल्यांची भिंत

आमच्या घरात दगडाला दगड म्हणत नाहीत. निजल्या म्हणतात. एक निजल्या, दोन निजले. अंगठ्याला ठेच लागली की आमची पोरं "निजल्या लागला" म्हणून रडतात. शाळेत बाईंनी चित्र दाखवून विचारलं, हे काय? मी छाती पुढे काढून सांगितलं, निजल्या. सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत त्यातल्या दोघांना मी निजल्या कसा लागतो ते दाखवलं, आणि घरी चिठ्ठी आली.

हा शब्द केझाया आजीचा. ती म्हणायची, ते निजलेत, त्यांना उगाच उठवू नये. आम्हाला वाटायचं, म्हातारीला कविता सुचतात. केझाया आजी कविता करणाऱ्यांतली नव्हती. कोंबडीची मान पिरगाळताना ती समोरच्याशी गप्पा मारायची. पण हे आमच्या लक्षात यायला फार उशीर लागला.

तांबड्या टेकडीवर चढलात की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मधे ती भिंत. कमरेएवढी, चुना नाही, माती नाही, नुसते काळे निजले एकावर एक. आता तिथे गाड्या लावायला जागा केली आहे. लोक भिंतीवर बसून मटण भरून भाजलेल्या करंज्या खातात, आणि कागद तिथेच टाकून जातात. मी दोनदा लोकांना ते कागद उचलायला लावलेत. एकदा पोलीस आला होता. तोही उचलू लागला.

ती भिंत रचणारा माझा पणजोबा. टोंगोआ बेटावरून त्याला जहाजात घालून इथे, क्वीन्सलँडच्या ऊसमळ्यांवर आणलं तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. पुस्तकांत त्याच्यासारख्यांना 'बेटांवरून आलेले कामगार' म्हणतात. मला त्या 'आलेले'चा राग येतो. किनाऱ्यावर आरसे आणि सुऱ्या दाखवून होडीतून वर घ्यायचं, आणि नांगर उचलला की खाली उतरू द्यायचं नाही, याला येणं म्हणत असतील तर मासासुद्धा बाजारात येतोच. काही जण राजीखुशीने आले, तेही खरं. आमचा कसा आला ते तो कुणाला बोलला नाही.

जहाजावर कुणीतरी नाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि लिहिणाऱ्यानं लिहिलं: जॅक कॅलव्हर्ट. जॅक हे त्या काळी दर तिसऱ्या बेटकऱ्याचं नाव होतं, मेंढरांवर खूण करावी तसं. आणि कॅलव्हर्ट? ते त्या मळेवाल्याचं, ज्याच्या उसात त्यानं कराराची वर्षं काढली. निदान आमच्या घरात सगळे असंच सांगत आले.

करार संपला तेव्हा त्यानं परतीचं जहाज घेतलं नाही. तांबड्या टेकडीचा उतार खंडानं मागितला. मळेवाले हसले, आणि दिला. त्या उतारावर दोन गोऱ्यांनी आधी नांगर घातले होते आणि फाळ मोडून घरी गेले होते. वर बघावं तिथे निजले, बैलाच्या डोक्याएवढे. पणजोबानं नांगर नेलाच नाही. पहार नेली, आणि बाभळीचा एक घसरा केला, बिनचाकांचा. हलतील ते निजले पहारेनं उपटायचे, घसऱ्यावर घालायचे, आणि उताराला आडवे रचायचे, म्हणजे पावसात माती खाली जायची नाही. जे हलणार नाहीत त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या कुशीत खोल खड्डा करायचा, माती हातानं भुगा होईतो चोळायची, आणि कोनफळ लावायचं. बेटावर कोनफळ असंच लावतात. तापलेल्या निजल्याच्या शेजारी ते मांडीएवढं होतं. मधल्या पट्ट्यांत उसाचं बेणं. खालची माती तांबडी, लोण्यासारखी. हे गोऱ्यांना माहीत नव्हतं, कारण ते वरच्या दगडाला शिव्या देऊन परत गेले होते. (हे लिहिताना मला तो शब्द वापरावा लागला. आत्या वाचेल तेव्हा कपाळाला आठी घालेल.)

त्याचा ऊस उभा राहिला तेव्हा बघायला माणसं आली. मग सरकारनं ठरवलं की हा देश गोऱ्यांचा, बेटकऱ्यांना परत धाडा. त्याच्याबरोबर जहाजातून आलेले बहुतेक सगळे गेले, काही रडत, काही बांधलेल्या संसाराच्या पेट्या घेऊन. हा राहिला, फार वर्षं इथे काढली म्हणून. मग गिरणीनं काळ्या हातांचा ऊस घेणं बंद केलं. त्यानं तो उभा ऊस स्वतः पेटवला आणि त्या राखेत अननस लावले. आमच्या घरात रागीट माणसं आहेत असं लोक म्हणतात. मूळ तिथे आहे.

त्याच्या एकुलत्या मुलाची, आमोसची, बायको म्हणजे केझाया आजी. तिचे आईबापही टोंगोआचेच, पण ती जन्मली इथल्याच उसात. लग्न होऊन टेकडीवर आली तेव्हा पणजोबा म्हातारा झाला होता. त्याच्यासमोरून ती कधी आडवी गेली नाही. तो बसला असेल तर वळसा घालून मागच्या दारानं. ताट ठेवायचं आणि मागे सरायचं. त्याचा उल्लेख करायचा तर 'टेकडीवरचे' म्हणायचं. तो गेला, टेकडीचा खंड गेला, आमची माणसं खाली ओढ्याच्या काठी पत्र्याच्या घरांत आली, तरी तो 'टेकडीवरचे'च राहिला.

आमोस आजोबा लवकर वारले. कोयत्याची जखम चिघळली. तेव्हा धाकटी डॉल्सी आत्या आणि सायलस काका अंगणात माती खात होते. त्यामुळे पणजोबाचं जे काही आम्हाला कळलं ते केझाया आजीकडून. आणि तिनं सगळं सांगितलं. तो तंबाखू कोणत्या गालात धरायचा, अननस पिकला हे वासानं कसं ओळखायचा, परत धाडलेल्या मित्राच्या झोपडीत वर्षभर कसा दिवा लावायचा. एक सोडून सगळं.

ती आमचं आडनाव कधी तोंडात घ्यायची नाही.

दुकानात गेली की दुकानदार विचारायचा, "कुणाच्या खात्यावर?" आजी डॉल्सी आत्याच्या दंडाला चिमटा काढायची, "सांग गं." आत्या सांगायची, "कॅलव्हर्ट." आजारी पडून दवाखान्यात गेली तेव्हा नर्सनं विचारलं, "नाव काय, आजी?"

"केझाया."

"पुढे?"

आजी भिंतीकडे बघत राहिली.

"आजी, पुढचं नाव?"

"माझा मुलगा बाहेर बसलाय. त्याला विचार."

सायलस काका तेव्हा गोदीत कामाला होता, संघटनेत नुकताच शिरलेला, डोकं गरम. त्यानं ते पाहिलं आणि त्याच्या मनात लख्ख उजेड पडला. मळेवाल्याचं नाव आहे, म्हणून आई तोंडात घेत नाही! एवढी वर्षं एक अडाणी बाई एकटीनं, न बोलता लढतेय, आणि आपण ते नाव मिरवतोय! घरी आल्यावर त्यानं विचारलं, "आई, तू ते नाव घेत नाहीस, मळेवाल्याचं म्हणूनच ना?"

आजी तवा घासत होती. "मला नाही घेता येत, बाबा."

"मग मीही टाकतो."

"तू कशाला टाकतोस? तुला घेता येतं की."

काकाला ते टोमण्यासारखं लागलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं नाव बदललं. सायलस टोंगोआ. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी त्याच्यामागून तेच केलं. मीही. सभांमध्ये काका सांगायचा, माझी आई मळेवाल्याचं नाव जिभेवर ठेवत नसे, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. आजी एकदाच अशा सभेला आली होती. पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या झाल्या तेव्हा मान खाली घालून झग्याच्या टोकाशी खेळत बसली. आम्हाला वाटलं, संकोचली.

तिला जाऊन खूप वर्षं झाली. आणि गेल्या वर्षी टेकडी समितीला जाग आली.

टेकडी समिती म्हणजे गावातली निवृत्त मंडळी. त्यांच्या सेक्रेटरी ग्लेनिस हॅडोबाई, पूर्वी शाळेत होत्या, बाई मनानं चांगली. त्यांनी ठरवलं की भिंतीपाशी पणजोबाच्या नावाची पितळी पाटी लावायची, टेकडीवरचा पहिला शेतकरी म्हणून. यासाठी मी सोळा सभांत ओरडले असेन, पण ते जाऊ दे. हॅडोबाई डॉल्सी आत्याच्या पडवीत आल्या, केक घेऊन. म्हणाल्या, "पाटीवर लिहायचं आहे: या टेकडीवर पहिली शेती केली आणि ही भिंत रचली ती जॅक कॅलव्हर्ट यांनी. घरातल्या दोघा वडीलधाऱ्यांची संमती हवी."

डॉल्सी आत्याचे डोळे भरून आले. ऐंशी उलटलेली बाई. तिनं आयुष्यात एवढंच मागितलं होतं, की त्या टेकडीवर आपल्या आजोबाचं नाव वाचावं. मोतीबिंदू काढून घेतला होता त्यासाठी. खोटं नाही सांगत.

सायलस काका म्हणाला, "चालणार नाही."

"काय चालणार नाही?"

"मळेवाल्याचं नाव आमच्या म्हाताऱ्याच्या भिंतीवर चालणार नाही. आमच्या आईनं ते तोंडात घेतलं नाही आणि तुम्ही ते पितळेत ओतता?"

हॅडोबाई गोंधळल्या. "मग खरं नाव काय त्यांचं?"

ठाऊकच नव्हतं कुणाला.

"मग... मग 'एका अनाम बेटकऱ्यानं' असं लिहावं लागेल," हॅडोबाई म्हणाल्या. "पाटी सोमवारी ओतायला जाणार आहे. सकाळी साइनवाल्याकडे मजकूर द्यायचा आहे मला."

त्या गेल्यावर आत्यानं केकचं ताट काकासमोर आदळलं. "अनाम! कुत्र्याला नाव असतं, सायलस! समोरच्या टोनीच्या कासवाला नाव आहे! माझा आजोबा अनाम?"

"गुलामीच्या नावापेक्षा बरं."

"तुझं काय जातंय? तुझं नाव बेटाचं, तू सभांचा राजा. मी मेल्यावर मला काय वाचायचंय? मला जिवंतपणी वाचायचंय!"

"डॉल, आईचा तरी मान ठेव."

"आईच्या नावानं मला गप्प करू नकोस! मी दंडाला तिचे चिमटे खाल्लेत, तू नाही!"

मी काकाच्या बाजूनं होते. तत्त्व तत्त्व असतं. पण आत्या घरात गेली आणि दार लावून घेतलं तेव्हा काका केकवरची साखर बोटानं उकरत बसला, आणि मला त्याचं ते बोट बघवेना.

रविवारी चर्चचं जेवण होतं. आता दर हंगामाला व्हानुआतूहून, टोंगोआ ज्या देशात आहे तिथून, माणसं इथे रताळ्यांच्या शेतांवर कामाला येतात. विमानानं येतात, विमानानं जातात. त्या दिवशी टोंगोआच्या पाच-सहा बायका आल्या होत्या. त्यांची म्होरकी लेइसाव, अंगानं दणकट, आवाज असा की चर्चला माइकची गरज नाही. मागच्या अंगणात खड्ड्यात भट्टी लावली होती: खाली विस्तव, वर काळे निजले, ते लाल झाले की त्यावर केळीच्या पानांत बांधलेलं कोनफळ आणि कोंबडी.

डॉल्सी आत्या खुर्चीवरून हुकूम सोडत होती. काकाशी ती दोन दिवस बोलली नव्हती. "अगं, निजले तापलेत का बघ! नाहीतर सगळं कच्चं राहील!"

लेइसाव काठी हातात घेऊन वळली. "काय तापलेत?"

"निजले गं. ते." आत्यानं बोट दाखवलं.

"ह्यांना निजले म्हणता? सगळे?"

"आमच्या घरात. आईची सवय."

लेइसाव हसायला लागली. काठी टाकली आणि कमरेवर हात ठेवून हसली. "अरे देवा! कोणाचं गं? सासऱ्याचं की सासूचं?"

"काय सासऱ्याचं?"

"नाव! माझी धाकटी जाऊ पावसाला पाऊस म्हणत नाही. तिच्या सासऱ्याच्या नावात पाऊस आहे. ती म्हणते, वरचं सांडतंय. वाळत घातलेले कपडे भिजत असतात आणि ही दारात उभी राहून ओरडते, वरचं सांडतंय, वरचं सांडतंय! सासऱ्याचं नाव घेऊ नये, नावातला शब्दही घेऊ नये. जुन्या बायका इंग्रजीत सुद्धा घेत नाहीत. तुमच्या आईच्या सासऱ्याच्या नावात दगड होता. काय नाव त्याचं?"

आत्या खुर्चीत पुढे सरकली.

आत्या हळूच म्हणाली, "जॅक."

"जॅक म्हणजे दगड होतो का?"

"नाही."

"मग हे नव्हे. आडनाव काय तुमचं?"

सायलस काका ताट घेऊन उभा होता. "टोंगोआ," तो म्हणाला, थोडा ताठ होऊन.

"टोंगोआ काय आडनाव असतं, काका? मग मी लेइसाव क्वीन्सलँड! जुनं सांगा, जुनं."

आत्यानं काकाकडे पाहिलं. मग लेइसावकडे. "कॅलव्हर्ट."

"परत म्हण."

"कॅलव्हर्ट."

"अजून एकदा. हळू. ते ओठ गोऱ्यांसारखे मुडपू नकोस."

"कॅल... वर्ट."

"काल-वात," लेइसाव म्हणाली. आता ती हसत नव्हती. "आमच्या बोलीत वात म्हणजे दगड. आणि कालनं सुरू होणारी बाप्यांची नावं आमच्याकडे गल्लोगल्ली. कालवात. हा मळेवाला नाही, आजी. हा आमचाच माणूस आहे."

मागच्या बाकावर हॅडोबाई बसल्या होत्या, त्या दर रविवारी येतात. त्या चाचरत म्हणाल्या, "या भागात कॅलव्हर्ट नावाचा मळेवाला कधी नव्हताच. परवा तुम्ही म्हणालात तेव्हा मला बोलायचा धीर झाला नाही."

"आम्हाला कोण सांगणार होतं?" काका ओरडला. त्यानं ताट खाली ठेवलं, कोंबडीसकट, मातीत. "मला नाही घेता येत, बाबा," तो स्वतःशीच म्हणाला. "असं म्हणाली होती ती. मला नाही घेता येत."

"आणि तुला घेता येतं की, असंही म्हणाली होती," आत्या म्हणाली. ते तिनं टोचायला म्हटलं नव्हतं. तिनं बाजूची खुर्ची ओढली आणि त्याला हाताला धरून बसवलं.

काकानं खुर्ची लेइसावकडे वळवली. मी त्याला सभांत पोलिसांपुढे उभा राहताना पाहिलं आहे, पण त्याचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. त्यानं तिला विचारलं, "आम्हाला चालतं का म्हणायला? नातवंडांना?"

"तुम्ही टेकडीवर जाऊन बोंबला की! फक्त सुनेनं घ्यायचं नाही."

त्यानं तिथेच, बसल्या जागी, मोठ्यानं म्हटलं. कालवात. पहिल्यांदा थोडं चुकलं, मग बरोबर आलं. आत्यानं म्हटलं. मी म्हटलं. एवढीशी पोरं होती तीही उड्या मारत ओरडायला लागली, आणि त्यांना तर काही कळलंही नव्हतं. केझाया आजी असती तर उठून वळसा घालून मागच्या दारानं गेली असती.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं हॅडोबाईंच्या घरी. त्यांनी मजकूर टाइप करून ठेवला होता आणि मोठ्यानं वाचला: "या टेकडीवर पहिली शेती केली आणि ही दगडी भिंत रचली ती टोंगोआ बेटाच्या कालवात यांनी. इथे त्यांना जॅक कॅलव्हर्ट म्हणत."

"कालवात," काका म्हणाला. "शेवटी त. ट नव्हे."

"त," हॅडोबाईंनी खात्री केली.

"आणि सही दोघांची," काकानं पेन उचललं. सायलस, असं लिहिलं, थांबला, आणि पुढे कॅलव्हर्ट लिहिलं. अक्षर शाळकरी पोरासारखं आलं, सराव नसलेलं.

आत्या सही करेना. ती कागदावर बोट ठेवून बसली होती. मला वाटलं, रडतेय.

"हा शब्द काढा," ती म्हणाली.

हॅडोबाई वाकल्या. "कोणता?"

आत्यानं बोट उचललं नाही. "हा."

"दगडी? पण डॉल्सी, भिंत दगडीच आहे ना?"

"असू दे. आईला रोज त्या वाटेनं जायचं असतं तर?"

"तुमची आई तर आता..."

"काढा," सायलस काका म्हणाला.

हॅडोबाईंनी पेन घेऊन तो शब्द खोडला. आत्यानं मग सही केली.

पाटी लागली आहे. लोक येतात, पाटीसमोर उभे राहून फोटो काढतात. परवा एक शहाणा माणूस बायकोला सांगत होता, बघ, भिंत दगडाची आणि पाटीवर दगडाचं नावच नाही, या लोकांना धड लिहिता येत नाही. मी मागेच उभी होते. तोंड उघडलं होतं. पण डॉल्सी आत्या बाजूला बसली होती, पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत, ओठांनी वाचत. म्हणून त्याला जाऊ दिलं.